धुरास वाट हवी

(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वडिवळे येथे केलेले भाषण)



मंडळाने आम्हांस भाषणाचे निमंत्रण दिले आणि विषयाची निवड आमच्यावर सोपविली, हा मंडळाचा मोठेपणा होय. आजवर या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचे शिक्षण, विवाहातील वाढता खर्च, शेतीतील सुधारणा अशा भारदस्त विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. आम्ही आज बोलणार आहोत ते स्वयंपाकघरातील धुराविषयी आणि तो घराबाहेर घालविण्याच्या साधनाविषयी. विषयाचा उच्चार होताच डाव्या बाजूस बसलेल्या बंधूंपैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. उजव्या बाजूस बसलेल्या भगिनींपैकी मात्र कोणी हसल्याचे दिसले नाही. एवढ्यावरूनच विषयाची निवड योग्य झाली, असे आम्ही समजतो.

विषय वाटतो तितका क्षुद्रही नाही. आपल्याकडील न्यायशास्त्रात अनुमान कसे करावे हे शिकविताना डोंगरावरील धुराचे उदाहरण घेतात. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असलाच पाहिजे, असे अनुमान निघते. आणि जेथे धूर तेथे अग्नी या नियमाला दाखला कोणता द्यावयाचा, तर स्वयंपाकघराचा. शतकानुशतके पंडितांनी हा दाखला दिला. पण त्या दाखल्यातील स्वयंपाकघरात बसून धूर गिळणारी व्यक्ती कोण, हा प्रश्न शास्त्रार्थाच्या कक्षेत आला नाही. आज तो आपण आपल्या कक्षेत घेऊ.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'चिमणी' हा आपल्या भाषेतील मोठा गुणी शब्द आहे. अंगणात दाणे टिपणारी ती चिमणी. वीज नव्हती त्या काळी कोनाड्यात मिणमिणणारा रॉकेलचा दिवा तीही चिमणी. आपले वाडवडील पोटासाठी मुंबईस गेले, तेथे गिरणीच्या छपरावर आकाशात घुसलेली तीही चिमणी. आणि आज ओट्यावर, गॅसच्या शेगडीच्या डोक्यावर, विजेवर चालणारी पोलादी टोपी बसवितात, तिलाही लोक चिमणीच म्हणतात. यांपैकी गिरणीची चिमणी आणि ओट्यावरची चिमणी यांचे काम एकच: धूर जेथे उत्पन्न होतो तेथून तो उचलून माणसांच्या नाकापासून दूर नेऊन सोडणे. 'दूर नेऊन सोडणे' हे शब्द कृपा करून ध्यानी ठेवावेत. आमच्या आजच्या भाषणाचे सार त्यांतच आहे.

आता आपल्या मावळातील जुन्या घराकडे वळू. दर्शनी पडवी, मग माजघर आणि सर्वांत आत, सर्वांत अंधारे, ते स्वयंपाकघर, अशी रचना बहुतेक घरांतून आढळे. कारवीच्या कुडाला शेणामातीचे लिंपण, वर कौले, बसक्या भिंती. भिंतीत खिडकी असलीच तर हातभर, आणि तीही पावसाळ्यात पोत्याने बुजविलेली. या रचनेस कारण होते. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच्या शेजारच्या या नाणे मावळातही पश्चिमेचा वारा पावसाला आडवा घेऊन येतो. अशा मुलखात चुलीस वारा लागू नये आणि पाणी शिरू नये म्हणून घर बांधणाऱ्याने तिला आत खोल नेऊन ठेविले. धुरासाठी वेगळी वाट ठेविली नाही. कौलांच्या सांधींतून जाईल तेवढा जावा आणि उरेल तो घरात राहावा, असा सरळ हिशेब होता. देशावरील माळवदाच्या घरांत छपराला 'साणे' म्हणून उजेडाचे आणि धुराचे भोक ठेवीत. मावळच्या पावसात उघडे साणे परवडणारे नव्हते.

धुराचे काही उपकारही होते, ते नाकारणे योग्य होणार नाही. चुलीवरच्या माळ्यावर ठेविलेले ओले सरपण त्या धगीने सुके. बियाण्यासाठी टांगलेल्या कणसांना कीड लागत नसे. काजळी धरलेले वासे आणि आढे भुंग्यापासून वाचत. आपल्या पूर्वजांनी धूर सहन केला तो अडाणीपणाने नव्हे. त्यांनी त्याचा उपयोग करून घेतला. परंतु या व्यवहारात लाभ सगळ्या घराचा झाला आणि किंमत एकटीने मोजली. पहाटे उठून फुंकणीने ओली लाकडे फुंकणारी, डोळे पदराने पुसणारी, कडेवर किंवा पाठीशी तान्हे मूल घेऊन तव्यावर भाकरी टाकणारी जी बाई, तिच्या छातीत तो धूर साठत गेला. 'सोन्याचा धूर निघतो' असे आपण संपन्न घराविषयी म्हणतो. ज्या घरातून धूर निघतच नाही, आतल्या आतच कोंडतो, त्या घराविषयी मात्र आपल्या भाषेत म्हण नाही.

ही किंमत किती, हे वैद्यकशास्त्राला कळले तेही फार जुने नाही. थोर हृद्रोगतज्ज्ञ डॉ. पद्मावती यांनी दिल्लीत फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होत गेलेल्या रुग्णांचा अभ्यास केला आणि तो १९५९ साली प्रसिद्ध झाला. हा विकार विडी-तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांचा, अशी तोवरची समजूत. त्यांना आढळले की, धूम्रपानाचे नावही न घेणाऱ्या स्त्रियांतही तो तितकाच आहे. आणि त्यांनी बोट ठेविले ते घरातील चुलीच्या धुरावर. पुढे अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो, याचे प्रत्यक्ष मोजमाप केले. ते १९८३ साली प्रसिद्ध झाले. आज जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की, घरातील इंधनाच्या धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली आणि त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लाख ३७ हजारांहून अधिक होती. धुरातील जे कण सर्वांत घातक, त्यांची जाडी अडीच मायक्रॉनहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याच्याही आत असते. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत. चोवीस तासांच्या सरासरीत हे कण घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत, असे त्या संघटनेने २०२१ साली सांगितले. लाकडाची चूल पेटलेल्या बंद खोलीत त्यांचे प्रमाण शेकड्यांत, कित्येकदा हजारांच्या घरात जाते.

कोणी म्हणेल, आता गॅस आला, हा इतिहास संपला. अंशतः ते खरे आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढे तिच्यातून देशात दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. हा फार मोठा पालट होय. तथापि गॅसची ज्योत निळी दिसली म्हणून स्वयंपाकघर निर्धूर झाले असे नाही. ज्योतीतून नायट्रोजनचे वायू निघतात; कढईत तेल तापून धुरावले की त्यातून बारीक कण उडतात; मिरचीची फोडणी सगळ्या घराला ठसका लावते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत घरातील लाकडाच्या धुराबरोबरच, अति तापलेल्या तेलात तळताना निघणारी वाफही कर्करोगास बहुधा कारणीभूत होणाऱ्या गोष्टींच्या वर्गात घातली आहे. शिवाय आपल्या गावांतून गॅसशेजारी चूलही नांदते आहे. अंघोळीचे पाणी, तांदळाची भाकरी, पाहुण्यांसाठी मोठे पातेले हे सारे चुलीकडेच असते.

धुरास वाट करून देण्याचे प्रयत्न आपल्या देशात नवे नाहीत, आणि त्यांचा इतिहास आपल्याला काही शिकवितो. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने १९४० च्या दशकात 'मगन चूल' तयार केली. हैदराबादेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची बिनधुराची चूल सिद्ध केली आणि १९५३ साली तिच्याविषयी पुस्तक लिहून ती लाखो घरांत न्यावी असा आग्रह धरला. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि देशात तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. आपल्या पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेनेही सुधारित चुलींवर पुष्कळ काम केले. बुद्धी, कळकळ आणि पैसा यांपैकी कशाचीही वाण नव्हती. असे असून त्या चुलींपैकी पुष्कळशा काही वर्षांत मोडल्या, किंवा घरातल्यांनीच उपटून पूर्ववत तीन दगड मांडले. असे का घडले? नळीत काजळी साठली आणि ती काढावयाची कोणी, हे ठरले नव्हते. चुलीचे तोंड लहान, लाकूड मोठे, ते फोडावयाचे कोणी, हेही ठरले नव्हते. पुष्कळ ठिकाणी चूल बसविताना तिच्यावर रांधणाऱ्या बाईस कोणी काही विचारलेच नव्हते. साधन उत्तम असूनही त्याच्याभोवतीचा घरातील करार कच्चा राहिला, हे त्या अपयशाचे मर्म आहे. आज लाखभर रुपये खर्चून स्वयंपाकघर नवे करणाऱ्या आपल्या कुटुंबांनाही हा धडा लागू आहे.

आता आमच्या घरचा प्रसंग सांगतो. येथील आमचे जुने घर गेल्या उन्हाळ्यात दुरुस्तीस काढले. घर सामायिक, भावंडे पुणे, पिंपरी आणि मुंबई अशी पांगलेली, घरात कायम वस्तीला थोरले बंधू आणि थोरल्या वहिनी. वहिनींचे वय अडुसष्ट. तीन पावसाळ्यांपासून त्यांना दम लागतो. तपासणारे डॉक्टर म्हणाले, "यांनी कधी विडी ओढली नाही, पण छाती ओढणाऱ्याची झाली आहे." घरातील पुरुषांनी मांडलेला दुरुस्तीचा पहिला आराखडा दर्शनी पडवीचा होता: फरशी, लोखंडी जाळी आणि मोटार उभी करण्यास जागा. स्वयंपाकघरास शेवटी उरेल त्यातून रंग द्यावा, असे ठरत होते. त्यावर आमच्या धाकट्या सूनबाईंनी सर्वांदेखत विचारले, "पडवीत बसायला पाहुणे वर्षातून चार दिवस येतात. स्वयंपाकघरात काकू तीनशेपासष्ट दिवस बसतात. मग आधी काय बांधायचं?" बैठकीत कोणास उत्तर सुचले नाही. पडवीचे काम पुढल्या वर्षावर गेले.

मग वहिनींना विचारले. त्यांचे उत्तर थोडक्यात होते: "धूर गेला तर बरंच होईल. पण माझी चूल जायची नाही. भाकरी मी चुलीवरच करणार." तेव्हा दोन्ही गोष्टी साधावयाच्या असे ठरले. गॅसच्या ओट्यावर विजेची चिमणी, आणि मागील पडवीतील चुलीस स्वतंत्र धुराडे. या कामात गवंडी, सुतार आणि वीजतंत्री यांच्याशी बोलून जे हाती आले ते येथे तपशिलाने सांगतो. कारण आपल्या मंडळातील कित्येक कुटुंबे याच उद्योगात आहेत.

पहिली गोष्ट बाहेर जाणाऱ्या वाटेची. शहरातील एका दुकानदाराने आम्हांस अशी चिमणी दाखविली की, तिला भिंतीत भोक पाडावयास नको, नळी नको. कोळशाच्या गाळणीतून हवा शुद्ध होऊन पुन्हा खोलीतच येते. सोय मोठी, आणि ऐकणाऱ्यास भुरळ पडते. वस्तुतः अशी चिमणी तेलाचा अंश आणि थोडा वास पकडते. वाफ, उष्णता आणि ज्योतीतून निघणारे वायू मात्र बहुतांशी तसेच खोलीत परत येतात. कोळसाही काही महिन्यांत निकामी होतो. जेथे भिंतीस हात लावणे खरोखरच अशक्य आहे तेथे नाइलाज म्हणून ती ठीक. स्वतःचे घर दुरुस्त करणाऱ्याने भिंतीस भोक पाडावेच.

दुसरी गोष्ट त्या भोकाची दिशा. मावळात पाऊसवारा पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा. पश्चिमेच्या भिंतीत तोंड ठेविले तर आषाढात धूर बाहेर जाण्याऐवजी वारा आणि पाणी आत येईल. आम्ही ते पूर्वेच्या भिंतीत ठेविले, नळीला बाहेरच्या अंगास किंचित उतार दिला आणि तोंडावर आपोआप मिटणारी झडप व पत्र्याची टोपी बसविली. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर आपले तोंड येऊ नये, हाही धर्म पाळावा. आपला धूर दुसऱ्याच्या माजघरात घालविणे म्हणजे धूर घालविणे नव्हे. इमारतीत राहणाऱ्यांनी हे विशेष पाहावे.

तिसरी गोष्ट नळीची. ती आखूड, सरळ आणि रुंद असावी. सहा इंच व्यासाच्या नळीऐवजी चार इंचांची घेतली तर वाट एकतृतीयांशाने कमी होते, असे वाटेल. तसे नाही. नळीचे क्षेत्र व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते; छत्तिसाच्या जागी सोळा, म्हणजे निम्म्याहूनही कमी होते. मग यंत्र ओरडते आणि धूर जागीच घोटाळतो. प्रत्येक वळणही ओढ कमी करते. एकाऐवजी तीन वळणे दिली तर महागडे यंत्र स्वस्ताहून वाईट ठरते. नळी शक्य तर धातूची असावी. प्लॅस्टिकच्या नळीत तेल साठून भडका उडाला तर ती स्वतःच पेटते.

चौथी गोष्ट यंत्राच्या ताकदीची. पेटीवर तासास हजार, बाराशे, पंधराशे घनमीटर हवा असे आकडे छापलेले असतात. ते बहुधा नळी न जोडता, मोकळ्या हवेत मिळणारे. आपली गरज अशी काढावी: आमची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, ९ फूट उंच, म्हणजे सुमारे ३० घनमीटर. तासाला बारा वेळा हवा बदलावी असे धरले तर ३६० घनमीटर. वळणे, जाळी आणि मराठी फोडणी यांच्यासाठी दुप्पट धरा. सातशेच्या आसपास पुरे होते. दुकानात मोठा आकडा सांगून मोठी किंमत घेतात, त्या वेळी ही त्रैराशिके उपयोगी पडतात. टोपीची रुंदी शेगडीहून कमी नसावी आणि शेगडीपासून तिची उंची ६५ ते ७५ सेंटिमीटर असावी. यंत्रासोबतच्या सूचनापत्रात वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळावा. उंच बसविली तर धूर बाजूने निसटतो. फार खाली आणली तर टोपीला आच लागते.

येथे एक सूचना. ओट्याची उंची गवंडी आपल्या सवयीने ठरवितो. आम्ही वहिनींस उभे करून, त्यांच्या कोपराच्या खाली चार बोटे अशी ओट्याची उंची घेतली आणि तिच्यावरून टोपीची. ज्या बाईस तेथे उभे राहावयाचे आहे तिचे माप न घेता स्वयंपाकघर बांधणे म्हणजे पायाचे माप न घेता वहाणा शिवणे होय.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि हिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. जितकी हवा बाहेर जाईल तितकी आत आली पाहिजे. दारे-खिडक्या घट्ट मिटून चिमणी लाविली तर ती हवा कोठून तरी ओढणारच. आणि शेजारी चूल, बंब किंवा गॅसचा गीझर पेटलेला असेल तर त्याच्या धुराड्यातूनच उलटी हवा खेचून विषारी वायू घरात आणील. त्या वायूला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेत जावा तसा जातो. कोंडलेल्या न्हाणीघरातील गॅसच्या गीझरने तरुण माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, त्याचे कारण हाच वायू. म्हणून आम्ही पूर्वेच्या भिंतीत, जमिनीलगत, जाळी लाविलेला वीतभर झरोका कायमचा उघडा ठेविला. आणि चूल पेटलेली असताना मागील दार उघडल्याशिवाय विजेची चिमणी लावावयाची नाही, असा घरात नेम केला. आणखी एक इशारा याच ठिकाणी देतो. सिलिंडरमधील गॅस हवेहून जड असतो. गळला तर जमिनीलगत पसरतो, वरच्या टोपीला तो सापडत नाही. गॅसचा वास आला तर चिमणीचे बटण दाबू नये, कोणतेच बटण दाबू नये. सिलिंडर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात.

सहावी गोष्ट चुलीच्या धुराड्याची. गरम धूर हलका म्हणून वर चढतो. नळी जितकी उभी आणि उंच, तितकी ओढ अधिक. आम्ही चूल आणि वैल यांच्यामागे नळी उभी केली, ती कौलांच्या वर तीन फूट नेली आणि वर टोपी बसविली. पूर्वी या कामी ॲस्बेस्टॉस सिमेंटचे नळ सर्रास वापरीत. त्यांचे तंतू फुप्फुसास अपायकारक असल्याचे आता सिद्ध आहे, तेव्हा जस्ताच्या पत्र्याची नळी घ्यावी. कौलांतून जाताना ती वाशास चिकटू देऊ नये, मध्ये निदान हातभर अंतर आणि पत्र्याची कडी हवी. नाहीतर सुकलेले लाकूड पेट घेईल. माळ्यावरचे सरपण आता धुराने सुकणार नाही, म्हणून ते वैशाखातच फोडून पडवीत रचून ठेवावे लागते. हा बदल वहिनींनी स्वतःच सुचविला.

आणि शेवटची गोष्ट साफसफाईची. सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम जेथे अडला तेथेच आपलीही चिमणी अडेल. तेलकट जाळी पंधरा दिवसांनी गरम पाणी आणि सोडा यांनी धुतली नाही तर धुरास वाट राहत नाही, आणि साठलेले तेल पेट घेते. 'आपोआप साफ होणारी' असे पाटीवर लिहिलेले असले तरी तिची तेलाची वाटी कोणाला तरी ओतावीच लागते. चुलीची नळी महिन्यातून एकदा काथ्याच्या कुंच्याने झाडावी. आमच्या घरी हे काम बंधूंकडे दिले आहे, आणि भिंतीवरील दिनदर्शिकेवर तशी खूण केली आहे. आयुष्यभर त्या धुरात शिजलेले अन्न ज्याने खाल्ले त्याने महिन्यातून अर्धा तास नळी झाडावी, यात अन्याय काही नाही.

वहिनींची छाती यामुळे पूर्ववत झाली, असे आम्ही सांगणार नाही. जी झीज झाली ती झाली. पण गेल्या श्रावणात त्या स्वयंपाकघरात बसून बोलत होत्या. त्याआधी कित्येक पावसाळे तेथे केवळ खोकत होत्या. आणि त्यांच्या मांडीवर जे नातवंड होते त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हते. घरादाराने एवढ्यासाठी खर्च केला असेल तर तो वाया गेला नाही, अशी आमची समजूत आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळाच्या वतीने आपण दरवर्षी काही ठराव करतो. यंदा तीन साध्या गोष्टी प्रत्येक कुटुंबाने मनाशी ठरवाव्यात, अशी आमची विनंती आहे. घराची दुरुस्ती काढाल तेव्हा पहिला खर्च धुराच्या वाटेवर करावा, मग फरशीचा रंग निवडावा. काम सुरू करण्यापूर्वी जी त्या ठिकाणी रांधते तिला विचारावे, तिचे माप घ्यावे. आणि जाळी धुण्याचे, नळी झाडण्याचे काम घरातील पुरुषाच्या नावावर लिहावे. गावी ज्या कुटुंबांस धुराड्याचा खर्च जड जात असेल त्यांच्यासाठी मंडळाच्या साहाय्यनिधीतून एक पत्र्याची नळी आणि गवंड्याची एक दिवसाची मजुरी द्यावी, असेही आम्ही कार्यकारी समितीस सुचवितो. शिष्यवृत्तीने मूल शिकते हे खरे. परंतु ते मूल ज्या चुलीशेजारी बसून पाटी गिरविते तेथे त्याला आधी श्वास घेता आला पाहिजे.

आज येथे आपण सर्वांनी जे रुचकर जेवण घेतले ते मागील मंडपात शिजले. तेथे पहाटे चारपासून राबणाऱ्या भगिनी हे भाषण ऐकण्यास येऊ शकल्या नाहीत. त्यांचे आभार सभेच्या वतीने आम्ही मानतो, आणि सभा संपल्यावर आपण प्रत्येकाने मंडपात जाऊन ते प्रत्यक्ष मानावेत असे सुचवितो.